मोर्वांचे चढ आणि आमच्या गौरी

सूनबाईची सायकल आमच्या हॉलमध्ये टीव्हीसमोर उभी असायची. मागचं चाक काढून ती एका जड लोखंडी स्टँडवर बसवलेली. पेडल मारलं तरी सायकल जागची हलत नाही, पण टीव्हीवरचा रस्ता पुढे सरकतो, आणि रस्त्याला चढ लागला की पेडल आपोआप जड होतं. मला हे कळलं तेव्हा मी तिला विचारलं होतं, "म्हणजे एवढा घाम गाळून तिथंच राहायचं?"

ती हसली. म्हणाली, "आई, सिंगापुरात चढ आहे कुठं? आपल्या पासिर रिसपासून चांगीपर्यंत जा, ताटासारखं सपाट. मग चढ बाहेरूनच आणायला हवा ना."

चढ ती फ्रान्समधून आणायची. तिथं मोर्वां नावाचा डोंगराळ भाग आहे. फार उंच डोंगर नाहीत, पण एक संपला की दुसरा, आणि सगळ्यांवर रान. ऑफिसातून आली, हातपाय धुतले की आठवड्यातून तीन-चार संध्याकाळी ती सायकलवर बसायची आणि मी खाली चटईवर मेथी नाहीतर शेंगा घेऊन. मुलाचं ऑफिस जुरोंग ईस्टला, म्हणजे बेटाच्या दुसऱ्या टोकाला, त्यामुळे त्याला यायला उशीर. नात आतल्या खोलीत अभ्यास करायची. तो एक तास आम्हा दोघींचाच असायचा.

बोलणं कमीच व्हायचं. ती दमलेली असायची आणि मला मुळातच बोलता येत नाही. चार माणसांत तर नाहीच, घरातही शब्द जुळवेपर्यंत वेळ निघून जातो. पण त्या रस्त्याकडे बघत बसायला शब्द लागत नव्हते. एका गाडीपुरता रस्ता. दोन्ही बाजूंना ओक आणि बीचची झाडं. ही नावं तिनंच सांगितली. सावली इतकी दाट की मध्येच उजेडाचा तुकडा आला की डोळे मिटावेत असं वाटायचं. मग रान संपायचं, कुरण लागायचं, त्यात पांढऱ्या धिप्पाड गाई. पुढे दगडी घरं, खिडक्यांना लाकडी झडपा, भिंतीला टेकवून रचलेली जळाऊ लाकडं. माणूस मात्र दिसायचा नाही. मैलच्या मैल कुणी नाही आणि तरी ते ओसाड वाटायचं नाही, कारण रस्ता झाडून ठेवल्यासारखा स्वच्छ.

उतार आला की मी म्हणायचे, "सावकाश गं, ओलं दिसतंय."

"पडले तर सोफ्यावर पडेन आई," ती म्हणायची.

तिथं खरंच जायचं हे तिचं तीन वर्षांपासून चाललेलं. बँकेतली तिची एक मैत्रीण सोबत येणार होती. दहा दिवस, रोज साठ-सत्तर किलोमीटर, संध्याकाळी जे गाव येईल तिथं मुक्काम. एका रविवारी तिनं जेवणाच्या टेबलावर मोठा कागदी नकाशा पसरला. त्यात लाल रस्ते मोठे, पिवळे त्याहून लहान आणि पांढरे सगळ्यांत लहान. तिला पांढरे हवे होते. पेन्सिलीनं ती एक गाव दुसऱ्या गावाला जोडत होती. एका ठिकाणी थांबली आणि मला म्हणाली, "आई, बघा. इथून हा तळ्याच्या काठानं जातो, सोपा आहे. आणि हा रानातून, चढाचा. कुठला घेऊ?"

मी म्हटलं, "रानातला."

तिनं लगेच तशी रेघ मारली. पुसली नाही, परत विचारलं नाही. मला त्या रात्री जेवताना सारखी ती रेघ आठवत होती. कुठल्या रस्त्यानं जायचं हे मला त्याआधी कुणी विचारल्याचं आठवत नाही.

हे एवढं लिहिलं, कारण पुढे मी जे केलं ते या रेघेनंतर केलं.

महिनाभरानं, मे महिन्यात, जेवताना मुलगा फोनमध्ये तारखा बघत म्हणाला, "अगं, तू बघितलंस का? तुझ्या ट्रिपच्या मधोमध गौरी येतायत."

"बघितलंय," ती म्हणाली. "पण दोघींना एकत्र लीव्ह तेव्हाच मिळतेय. आई आहेत ना. आई बसवतील. पुरणपोळीची ऑर्डर मी देऊन ठेवते, सोळा भाज्या तू आणायच्या."

"सोळा? मला सोळा भाज्यांची नावं तरी येतात का!"

"शिक आता."

ते दोघं हसत होते. मग माझ्याकडे बघायला लागले. मला फक्त 'हो' म्हणायचं होतं. मी ताटातला भात चिवडला आणि म्हटलं, "मी कशी आणणार? आपल्याकडे सवाष्णीनंच आणायच्या असतात."

आमच्या गौरींचे पितळी मुखवटे माझ्या सासूबाईंच्या सासूबाईंपासूनचे. हे गेले आणि मी मुलाकडे आले तेव्हा मुखवटेही साड्यांत गुंडाळून माझ्याबरोबर इथं आले. पहिल्या दिवशी उंबऱ्याबाहेरून मुखवटे हातात घेऊन आत आणायचे, वाटेवर हळदीकुंकवाची पावलं उमटवायची, सगळं घर दाखवायचं. हे घरच्या सवाष्णीचं काम. मी विधवा. त्यामुळे मी म्हटलं ते ऐकायला बरोबरच होतं. मुलानं मान हलवली. "हां, ते आहे," म्हणाला.

सूनबाईनं विचारलं, "असं अगदी कडक आहे का आई आपल्याकडे?"

मी म्हटलं, "हो."

ते खोटं होतं.

माझं लग्न होऊन सहा-सात वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. गौरी यायच्या दिवशीच सकाळी मला अडचण आली आणि मी मागच्या खोलीत बाजूला बसले. घरात दुसरी सवाष्ण नाही. माझ्या सासूबाई तेव्हा विधवाच होत्या. शेजारणीला बोलवावं का असं कुणीतरी म्हणालं. सासूबाईंनी पदर खोचला, स्वतः मुखवटे घेतले आणि आत आणले. म्हणाल्या, "ती माझं कपाळ बघायला येत नाही, घर बघायला येते." मी दाराच्या फटीतून हे सगळं पाहिलं आहे. त्या वर्षी काही वाईट झालं नाही. पुढच्या वर्षी मुलगा झाला. म्हणजे 'आपल्याकडे' काय चालतं हे त्या टेबलावर माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि मी ते गिळलं.

का, हे मी पुष्कळदा स्वतःला विचारलं. भीती होतीच. दहा दिवस घर एकटीवर. मुलगा सकाळी लवकर जातो. नातीला खाली स्कूलबसपर्यंत सोडायचं, शाळेचे निरोप फोनवर इंग्रजीत येतात, लिफ्टमध्ये कुणी काही विचारलं तर माझी जीभ टाळ्याला चिकटते. पण तेवढंच असतं तर मी तसं सांगू शकले असते. दुसरंही काहीतरी होतं. आमच्या गावात शाळा चौथीपर्यंत. पाचवी घाटापलीकडच्या गावात. भाऊ सायकलनं जायचा. मुलीला सायकल कोण देतं, आणि चालत कोण पाठवतं? मला त्याचं फार दुःख झालं होतं असंही नाही. सगळ्याच मुलींचं तसं होतं. पण सूनबाई त्या दिवशी "शिक आता" म्हणून हसली, मुलगाही हसला, आणि ती जाणार हे इतकं सहज ठरल्यासारखं वाटलं, की माझ्या तोंडून ते वाक्य निघालं. त्यात देवीची काळजी कणभरही नव्हती. हे मला त्याच क्षणी कळलं होतं.

तिनं भांडण केलं नाही. दोन दिवसांनी मैत्रिणीला फोनवर सांगताना मी ऐकलं, "नो, नो, फॅमिली थिंग. यू गो." आणि नकाशा घडी करून कपाटात ठेवला.

गौरी आल्या तेव्हा मैत्रीण तिथं पोचली होती.

सूनबाईनं कशात काही कमी केलं नाही. नऊवारी नेसली, नथ घातली, लिफ्टपासून दारापर्यंत रांगोळीची पावलं काढली. समोरची म्हातारी चिनी बाई पावलांना धक्का न लावता भिंतीला चिकटून गेली आणि जाताना हात जोडून गेली. सूनबाईनं मुखवटे हातात घेतले आणि प्रत्येक खोली दाखवली. हॉलमध्ये आली तेव्हा सायकलपाशी क्षणभर थांबली. मग नातीनं मोठ्यानं विचारलं, "मम्मी, हाउस टूर आहे का हा?" आणि सगळे हसले. मी हसले नाही. मी सोवळ्यात बाजूला उभी होते, आणि माझ्या डोळ्यांपुढे सासूबाईंचा खोचलेला पदर होता.

दुसऱ्या दिवशी हळदीकुंकवाला पंचवीस-तीस बायका आल्या. पुण्या-मुंबईच्या, इथंच नोकऱ्या करणाऱ्या, कुणी आमच्याच ब्लॉकमधल्या, कुणी जवळच्या कॉन्डोतल्या. त्यातल्या एकीला कुठूनतरी कळलं होतं. ती मला वाकून नमस्कार करत म्हणाली, "मावशी, पुण्यवान आहात हो. गौरींसाठी सुनेनं फ्रान्सची ट्रिप कॅन्सल केली म्हणे! नाहीतर आमच्याकडे बघा, सासूच क्रूझवर गेलीय."

दुसरी म्हणाली, "आणि सायकल काय, ईस्ट कोस्टला समुद्रकाठीसुद्धा चालवता येते की. त्यासाठी फ्रान्स कशाला?"

"तेच ना," सूनबाई म्हणाली. तिच्या हातात हळदीकुंकवाची कोयरी होती. तिनं दोघींना कुंकू लावलं, ओटी भरली, अत्तर लावलं. चेहरा हसरा होता. माझ्याकडे बघून म्हणाली, "आई, तुम्ही बसा ना जरा, सकाळपासून उभ्या आहात."

ती तेव्हा मला टोचून बोलली असती तर बरं झालं असतं.

गौरी गेल्या. मुखवटे उतरवले, साड्या वाळत घातल्या. त्या आठवड्यात एका संध्याकाळी मी चटई अंथरून बसले आणि बघते तर सायकल जागेवर नाही. ती बॉम्ब शेल्टरमध्ये गेली होती. इथल्या फ्लॅटांत ही एक जाड दाराची खोली असते. आम्ही तिथं तांदूळ आणि बॅगा ठेवतो.

"का गं, काढलीस?"

"बघवत नाही आई तो रस्ता सध्या," ती म्हणाली. "मैत्रिणीनं खूप फोटो पाठवले. छान होतं म्हणाली. आणि तिची बदली झालीय, पुढच्या महिन्यात ती लंडनला चाललीय. त्यामुळे ते काही आता होत नाही." आणि लॅपटॉप उघडून बसली.

त्यानंतर पंधरा दिवस मी रोज सांगायचं ठरवलं. सकाळी पोळ्या लाटताना वाक्य तयार असायचं. ती डबा घ्यायला आली की वाक्य जायचं. शेवटी एका शनिवारी दुपारी आम्ही दोघी गौरींच्या साड्यांच्या घड्या घालत होतो. साडीचं एक टोक तिच्या हातात, दुसरं माझ्या. मी म्हटलं, "माझ्या सासूबाईंनी विधवा असताना गौरी आणल्या होत्या. मी पाहिलंय. आपल्याकडे चालतं."

तिला आधी कळलं नाही. "कधी?" म्हणाली.

"तुझा नवरा जन्मायच्या आधल्या वर्षी."

"मग तुम्ही मे महिन्यात—" ती थांबली. साडी तशीच दोघींच्या मध्ये ताणलेली. "तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मग का तसं बोललात?"

"भ्याले."

"कशाला भ्यालात?"

मी स्कूलबसचं सांगितलं, फोनचं सांगितलं. बाकीचं मला सांगता आलं नाही. ते इथं लिहिलं आहे तेवढंच.

तिनं तिच्या हातातलं टोक खाली ठेवलं. आवाज चढवला नाही. "आई, मला जमणार नाही असं म्हणाला असतात तर मी कुणाला तरी कामाला ठेवलं असतं. ह्याला सुट्टी घ्यायला लावली असती. ट्रिप पाच दिवसांची केली असती. हजार गोष्टी करता आल्या असत्या. तुम्ही देवीचं नाव का पुढे केलंत? त्याच्यापुढे मी काय बोलणार होते? मी ह्याच्याशी सगळ्यावरून भांडते. तुम्ही बोललात म्हणून भांडले नाही."

मी माझ्या हातातलं टोकही खाली ठेवलं.

"मला आत्ता बोलायचं नाहीये," ती म्हणाली. "राग गेला की बोलेन." आणि उठून गेली. ती साडी मी एकटीनं जमिनीवर पसरून घडी केली.

चार दिवस ती लागेल तेवढंच बोलली. 'चहा ठेवलाय', 'मला उशीर होईल'. मला वाटलं, हे आम्हा दोघींत राहिलं तर मुलाच्या लेखी अजूनही तिनंच आनंदानं सोडलेली ट्रिप आहे, आणि मी पुण्यवान. म्हणून पाचव्या दिवशी जेवताना मी त्यालाही सांगितलं. त्याच टेबलावर. सांगण्याआधी मी हातातली वाटी खाली ठेवली.

त्यानं ऐकलं आणि हसण्यावारी नेलं. "अगं आई, एवढंच ना? मला वाटलं काय झालं. झालं ते झालं. आपल्याच गौरी, आपलंच घर."

सूनबाईनं पोळी ताटात ठेवली. "तुझं काही झालं नाही. माझं झालं."

"अगं पण आता आई सॉरी म्हणतेय ना—"

"त्यांनी सांगितलं ते बरं केलं. मी त्यांना काही म्हणत नाहीये. मी तुला म्हणतेय. तू एकदा तरी विचारलंस का, दुसरा काही मार्ग आहे का म्हणून? 'हां, ते आहे' म्हणालास आणि दही मागितलंस."

त्याला ते आठवत होतं की नाही माहीत नाही. पण जेवण झाल्यावर भांडी त्यानं घासली. नात मला हळूच विचारत होती, "आजी, हू इज इन ट्रबल? पप्पा ऑर यू?" मी म्हटलं, "दोघं." ती म्हणाली, "अय्यो, बिग ट्रबल ला." वाक्याच्या शेवटी 'ला' लावायची इथल्या मुलांची सवयच आहे.

राग कधी गेला ते मला नक्की सांगता येणार नाही. ती एकदम काही म्हणाली नाही. एका सकाळी तिनं माझ्या केसांना तेल लावून दिलं, एवढंच. सायकल मात्र बरेच महिने आतच होती.

या वर्षी मे महिन्यात तिला पाच दिवसांची रजा मिळाली. मधल्या शनिवार-रविवारसकट सात दिवस, त्यातले दोन जाण्यायेण्यात. मैत्रीण लंडनहून येईल असं वाटलं होतं, पण तिला जमलं नाही. मुलगा म्हणाला, एकटी नको जाऊ. सूनबाई त्याला म्हणाली, "आता कुणी काही सांगू नका." मग माझ्याकडे वळली. "आई, जमणार आहे का? खरं सांगा."

मी म्हटलं, "बसचं जमेल. शाळेचे निरोप नाही जमणार."

"ते पप्पा बघेल," ती म्हणाली आणि त्याच्याकडे बघितलं. तो "हो, हो" म्हणाला.

ती गेली आणि मी नातीला घेऊन पहिल्या दिवशी पंधरा मिनिटं आधीच खाली जाऊन उभी राहिले. बसवाल्या काकांनी "मॉर्निंग, आंटी" म्हटलं. मी मान हलवली. तिसऱ्या दिवशी मीही "मॉर्निंग" म्हटलं. इतकंच होतं ते सगळं. ज्यासाठी मी तिची दहा दिवसांची वाट अडवली, ते इतकंच होतं. बस गेली तरी मी ब्लॉकखालच्या बाकावर बसून राहिले. वर जावंसं वाटेना.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तिचा व्हिडिओ कॉल आला. तिथं भर दुपार होती. नातीनं फोन माझ्यासमोर धरला. सूनबाई धापा टाकत होती, हेल्मेटखाली तोंड लाल झालेलं. "आई, बघा," म्हणाली आणि फोन फिरवला. "दिसतंय का?"

माझ्या तोंडावर 'हो' आलं होतं. मला कुणी काही दाखवलं की मी हो म्हणते. पण मी म्हटलं, "नाही गं. काही दिसत नाही. नुसतं हिरवं हलतंय."

"थांबा." ती सायकलवरून उतरली. फोन बहुतेक दगडी कठड्यावर टेकवला. आता दिसलं. अरुंद रस्ता, दोन्हीकडून झाडं, आणि पुढे रस्ता वळून वर चढत गेलेला. टीव्हीवर इतका चढ कधी वाटला नव्हता. वारा होता, तो टीव्हीवर कधी ऐकू येत नसे.

"सोबत कुणी आहे का? मागेपुढे?" मी विचारलं.

"नाही. सकाळपासून एक ट्रॅक्टर गेला फक्त." ती पाणी प्यायली. "दोघी असतो तर मजा आली असती." हे ती मला लागावं म्हणून म्हणाली नाही. तसं असतं तर मला तिच्या आवाजावरून कळलं असतं. तिला जे वाटलं ते ती म्हणाली.

मी म्हटलं, "हो."

"चला, निघते. अजून वर जायचंय."

फोन बंद करायचा राहिला असावा. तिनं तो खिशात टाकला, कारण पडदा काळा झाला, आणि मग पेडलचा आवाज आणि तिचा श्वास ऐकू यायला लागला. चढ लागला तसा श्वास जड झाला. नात म्हणाली, "मम्मी फरगॉट ला. आजी, ऐक ना, मस्त आहे."

मला ऐकत बसावंसं वाटलं. किती वेळ बसले असते कोण जाणे. पण तो चढ माझ्यामुळे जवळजवळ वर्षभर उशिरानं आणि अर्धा होऊन तिच्या वाट्याला आला होता. त्यात मी कान लावून बसणं मला बरं वाटेना. मी नातीला म्हटलं, "बंद कर."

"व्हाय?"

"तिला तिचं एकटीचं जाऊ दे," मी म्हटलं. फोन बंद कसा करतात ते मला येत होतं. मी स्वतःच केला.